ज्वारी, कनकी, लापशी: घरच्या बीअरमध्ये बिनमोडाचं धान्य

ज्वारीच्या कण्या शिजताना काय होतं, ते विदर्भात कुणाला सांगायला नको. आधणात कण्या पडतात, थोडा वेळ दाणे पातळ पाण्यात नुसते फिरत राहतात आणि मग एकाएकी गंजातलं सगळं घट्ट होऊन फदफदायला लागतं. दाण्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगला आणि फुटला, एवढंच झालेलं असतं. बीअरमध्ये कच्चं धान्य वापरायची निम्मी विद्या या फदफदण्यात आहे. जो स्टार्च फुटला नाही त्याची साखर होत नाही, आणि साखर नाही तर यीस्टला, म्हणजे साखर खाऊन दारू करणाऱ्या सूक्ष्म जीवांना, खायला काही नाही.

उरलेली निम्मी विद्या माल्टची. बार्ली भिजवून मोड आणले की दाण्यात एन्झाइम तयार होतात. मग मोड थांबवून दाणा सुकवला की झालं माल्ट. हे एन्झाइम ६२ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. आपल्या कोठीतल्या ज्वारीत, तांदळात, गव्हात स्टार्च भरपूर आहे, पण तो कापणारी कात्री कामापुरती नाही. ती माल्टकडून उसनी घ्यायची. म्हणून कच्चं धान्य माल्टसोबतच चालतं, एकटं नाही.

हे काही गरिबीतलं जुगाड नाही. बेल्जियमच्या पांढऱ्या बीअरमध्ये जवळजवळ निम्मा गहू बिनमोडाचा असतो. आयर्लंडच्या काळ्या स्टाउटमध्ये कच्ची बार्ली भाजून घालतात. नायजेरियात १९८८ साली बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी आली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारीवर यावं लागलं. मोठ्या कंपन्यांच्या फिक्या लागरमध्ये तांदळाची कणी सर्रास असते.

आधी कायदा

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि ‘घरच्यापुरतं केलं’ ही सबब चालत नाही. वर्धा आणि गडचिरोली हे तर दारूबंदीचेच जिल्हे. म्हणून यीस्ट टाकून आंबवण्याचा भाग परवाना असलेल्यांसाठी, मायक्रोब्रुअरीत काम शिकणाऱ्यांसाठी किंवा जिथे घरी बीअर करायला मुभा आहे अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी आहे. बाकीच्यांचंही फार अडत नाही. कच्च्या धान्याचं सगळं कसब, म्हणजे भरडणं, शिजवणं, तापमान राखणं, गाळणं, यीस्टच्या आधीच संपतं. तिथवर हाताशी येतं ते माल्टचं गोड पाणी, ज्याला वर्ट म्हणतात. ते उकळून गार करून त्याच दिवशी प्यायलं तर त्यात दारूचा थेंबही नसतो.

आणि एक. बीअर आंबवायची असते, गाळपाच्या भट्टीवर चढवायची नसते. त्या वाटेला जाऊच नका.

कोणतं धान्य शिजवायचं, कोणतं नाही

ही एकच गोष्ट पक्की ठेवली तरी पहिल्या चार चुका टळतात. प्रत्येक धान्याचा स्टार्च वेगळ्या तापमानाला फुटतो. गहू साधारण ५८ ते ६४ अंशांना, बार्ली ६० ते ६५ ला, ओट्स त्याहूनही खाली. मॅश, म्हणजे माल्ट आणि गरम पाण्याचं मिश्रण, आपण ६६ च्या आसपास ठेवतो. त्यामुळे गव्हाची लापशी कच्चीच मॅशमध्ये गेली तरी तिथल्या तिथे फुटते. तांदूळ, ज्वारी आणि मका मात्र साधारण ६८ ते ७८ अंशांशिवाय दाद देत नाहीत, आणि काही तांदूळ त्याच्याही वर जातात. इतक्या तापमानात माल्टचे एन्झाइम झपाट्याने मरतात. म्हणून ही तिन्ही धान्यं वेगळी शिजवून मग माल्टमध्ये मिसळायची.

तिसरी जात म्हणजे आधीच शिजलेल्या धान्याची, आणि ती आपल्याकडे प्रत्येक किराणा दुकानात आहे. पोहे करताना धान भिजतं, भाजलं जातं, कुटलं जातं, आणि त्यात स्टार्च फुटून जातो. जाड पोहे नुसते मॅशमध्ये टाकायचे. ज्वारीच्या लाह्यांचंही तसंच, फक्त पाव किलो लाह्यांनीच गंज भरतो, म्हणून त्या थोड्या थोड्या दाबून भिजवाव्या लागतात. मुरमुरे टाळलेले बरे, त्यांना बहुधा मीठ लावलेलं असतं. अगदीच नवखे असाल तर पहिली खेप पोह्यांचीच करा. २ किलो माल्टच्या खेपेत ३०० ग्रॅम माल्ट कमी करून तेवढे पोहे घातले की कळतं, तांदूळ बीअरला काय करतो ते. अंग हलकं होतं, चव कोरडी आणि स्वच्छ लागते, रंग उतरतो. ज्वारीने साधारण हेच होतं, फक्त मागे किंचित मातकट, भाकरीसारखा वास राहतो. गहू उलट वागतो. त्याने फेस टिकतो आणि बीअर धुरकट होते, ती धुरकटच हवी.

धान्य विकत घेताना

चवीआधी सुरक्षिततेचं. पेरणीसाठी आणलेली बियाण्याची ज्वारी किंवा मका कधीही वापरू नका. त्याला औषध लावलेलं असतं, गुलाबी किंवा हिरवा रंग त्यासाठीच असतो, आणि ते धुऊन जात नाही. काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. बुरशीचं विष उकळीने जात नाही. साठवणीच्या गोळ्या टाकलेल्या कोठीतलं धान्यही नको.

एरंडेल तेल चोळून ठेवलेला गहू खायला चालतो, बीअरला चालत नाही. तेलाचा अंश फेस बसवून टाकतो. बोरिक पावडर लावलेल्या तांदळाचंही नाव काढू नका. मक्याच्या अंकुरात तेल असतं, म्हणून अख्खा मका भरडण्यापेक्षा अंकुर काढलेला मक्याचा रवा घ्या.

ज्वारी भाकरीची पांढरी घ्या. लाल, तुरट ज्वारीतलं टॅनिन एन्झाइमना अडवतं. तांदूळ कोणताही चालतो, पण सुवासिक तांदळाला पैसे घालवू नका, तो वास उकळीत उडून जातो. गोंदिया-भंडाऱ्याकडे गिरणीवर कनकी मिळते, अख्ख्या तांदळाचाच तो तुकडा, स्टार्च तोच, आणि तुटलेली असल्याने लवकर शिजते. फक्त ताजी आणि कोंडा नसलेली बघून घ्या. हातात घेऊन फुंकर मारा. पीठ उडालं, खवट वास आला, तर ठेवून द्या.

त्याच गिरणीवर धानाचं तूस मागा. कोंडा नव्हे, दाण्यावरचं कोरडं टरफल. गाळताना त्याच्यासारखा मित्र नाही, आणि इथे ते ढिगाने पडलेलं असतं.

‘मग ज्वारीलाच मोड आणून माल्ट का करू नये?’ हा प्रश्न येतोच. सुरुवातीला नको. ज्वारीच्या माल्टमध्ये साखर करणारं एक महत्त्वाचं एन्झाइम, बीटा-अमायलेज, कमी असतं. शिवाय ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्याने गुरं मरतात ते याच विषाने.

प्रमाण

बार्ली माल्टची ताकद लिंटनर या एककात मोजतात. पाकिटावर किंवा विक्रेत्याच्या कागदावर आकडा असतो. कधी तो विंडिश-कोलबाख या एककात असतो, तेव्हा त्यात १६ मिळवून ३.५ ने भागा. २५० असेल तर साधारण ७६ लिंटनर. आता हिशेब सोपा आहे. माल्टचा आकडा गुणिले माल्टचं वजन, भागिले सगळ्या धान्याचं वजन. उत्तर ४० च्या वर आलं तर निर्धास्त, ३० ते ४० मध्ये असेल तर मॅशला वेळ जास्त द्या, ३० च्या खाली आलं तर धान्य कमी करा. रंगासाठी भाजलेल्या गडद माल्टची ताकद शून्य धरा. भट्टीत ती जळून गेलेली असते.

ताकद पुरत असली तरी ३० टक्क्यांपुढे नवख्याने जाऊ नये. तांदूळ-ज्वारीतून साखर येते, पण यीस्टला लागणारं नायट्रोजनचं खाद्य फारसं येत नाही. ४० टक्क्यांच्या पुढे यीस्ट उपाशी काम करतं, आंबवण रेंगाळतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो.

१० लिटरची एक खेप

फिकट बार्ली माल्ट १.५ किलो. कनकी किंवा ज्वारीचा भरडा ६०० ग्रॅम. म्हणजे कच्चं धान्य २९ टक्क्यांच्या आत. तूस १०० ग्रॅम. कडवटपणासाठी हॉप्स, म्हणजे एका वेलीची वाळलेली फुलं, १५ ग्रॅम, त्यांतलं कडू द्रव्य म्हणजे अल्फा आम्ल ५ टक्के असलेली. कोरडं एल यीस्ट ५ ते ६ ग्रॅम. गंज दोन, एक १५ लिटरचा आणि एक ५ लिटरचा, दोन्ही स्टीलचे आणि जाड बुडाचे. ०.१ नव्हे तरी १ अंश नीट दाखवणारा थर्मामीटर. अंदाजाने हे काम होत नाही.

भरडण्याचं बघू. चक्कीवाल्याला ‘लापशीसारखं’ म्हणून सांगा, पीठ झालं तर परत घरी आणून भाकरीला वापरा. पिठाचे गोळे होतात आणि गाळताना चिखल होतो. मिरची-हळदीनंतर लगेच तुमचं धान्य टाकू देऊ नका. माल्ट मात्र चक्कीवर नेऊच नका, तिथे टरफलाचा भुगा होतो, आणि टरफल तर गाळणी म्हणून अख्खं हवं. घरात जातं असेल तर खुंटा सैल करून त्यावर भरडा. आधी दीड किलो माल्टवर २५-३० मिलिलिटर पाणी शिंपडून हाताने चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. टरफल लवचिक होतं, आतला दाणा कोरडाच राहतो. जात्यातून टरफल जवळजवळ अख्खं आणि दाणा चार-पाच तुकड्यांत आला, तर हात बसला.

पाण्याकडे दुर्लक्ष करू नका. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी बीअरला चालत नाही, उकळूनही नाही. तिथे आरओच्या पाण्याचा कॅन आणा आणि १० लिटरला १ ते २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला. बाकी ठिकाणच्या जड पाण्याला साधा उपाय आहे. आदल्या रात्री १५ मिनिटं उकळा, रात्रभर निवू द्या, तळाशी बसलेला पांढरा साका न ढवळता वरचं पाणी ओतून घ्या. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये हवा. जड पाण्यात तो वर राहतो, एन्झाइम मंदावतात आणि बीअरला चहाच्या उकळलेल्या भुकटीसारखा तुरटपणा येतो.

आता शिजवणं. लहान गंजात ३ लिटर पाणी, ६०० ग्रॅम भरडा, आणि दीड किलोतला १५० ग्रॅम माल्ट. हो, माल्ट इथेही. हे सोडलं तर ज्वारीची पेज इतकी घट्ट होते की सराटा उभा राहतो. माल्टमधलं अल्फा-अमायलेज फुटणारा स्टार्च फुटता फुटताच पातळ करतं. मंद आचेवर ६८ ते ७० अंशांपर्यंत न्या आणि २० मिनिटं तिथे धरा. या वीस मिनिटांत गंजाकडे बघत राहा. आधी सराट्याला जडपणा येतो, पेज हलताना थरथरते, वाटतं की हे आता बसलं. मग पाचेक मिनिटांत ती आपोआप सैल होते, चकाकी येते, आणि चाखली तर किंचित गोड लागते. हे दिसल्यावरच आच वाढवा. उकळी आली की कनकीला २० मिनिटं, ज्वारीला ३०. गंजाखाली तवा ठेवा आणि ढवळणं थांबवू नका. एकदा बुडाला लागलं की तो करपट वास बीअरमधून कशानेही जात नाही, ते फेकावंच लागतं.

कुकर वापरायचा असेल तर तांदळापुरता वापरा. पाचपट पाणी घालून आतल्या डब्यात मऊ भात करा, चार-पाच शिट्ट्या पुरतात. ज्वारीचा भरडा थेट कुकरमध्ये नको, फेसाळून शिट्टीचं भोक बंद होतं आणि ते धोक्याचं आहे.

पेज उकळत असतानाच, शेवटची दहा मिनिटं उरली की मोठ्या गंजात ४ लिटर पाणी ४९ अंशांवर घ्या आणि उरलेला १.३५ किलो माल्ट व धुऊन उकळून निथळलेलं तूस त्यात मिसळा. तापमान ४६ च्या जवळ येईल. उन्हाळ्यात धान्यच ३५-३८ अंशांचं असतं, तेव्हा पाणी एक-दोन अंश कमी तापवा. आता उकळती पेज वाटी-वाटीने यात ओता आणि ढवळत राहा. सगळी पेज पडेपर्यंत मॅश ६५-६६ वर येतो, गणित त्याच हिशेबाने बांधलं आहे. ६६ आधीच झालं तर थांबा, उरलेली पेज ६६ पर्यंत निवू द्या, मग घाला. घाईने ओतून ७५ वर नेलं तर एन्झाइम गेले, आणि ते परत येत नाहीत. कमी पडलं तर काळजी नाही, मंद आचेवर ढवळत वर आणा.

झाकण लावून गंज गोधडीत गुंडाळा. ७५ ते ९० मिनिटं, दर अर्ध्या तासाने तापमान बघून.

तासाभराने आयोडीनची परीक्षा. वरचा स्वच्छ रस चमचाभर पांढऱ्या बशीत घ्या, टरफल येऊ देऊ नका, पूर्ण गार होऊ द्या आणि औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. रंग पिवळट-तपकिरीच राहिला तर स्टार्च संपला. निळा-काळा झाला तर अजून वीस मिनिटं. गरम रसावर आयोडीनचा रंग नीट दिसत नाही, आणि नवखे लोक इथेच फसतात. बशीतला रस फेकून द्या. दोन तासांनीही काळाच येत असेल तर भरडा नीट शिजला नव्हता किंवा मॅश जास्त तापला होता. थोडा नवा माल्ट ६५ अंशांवर मिसळून अजून एक तास द्या, बहुतेक वेळा सुधारतं.

गाळणं

ज्वारी-तांदळाला स्वतःचं टरफल नाही, त्यामुळे गाळणीचा थर पातळ पडतो आणि चिकट चोथा रस अडवतो. तूस त्यासाठीच. तरीही धार थांबली तर चोथा दाबू नका, अजून घट्ट बसतो. वरच्या थराला सुरीने उभे-आडवे छेद द्या, लिटरभर ७५ अंशांचं पाणी घाला, दहा मिनिटं थांबा. जाळीदार नायलॉनच्या पिशवीत मॅश केला तर ही कटकट बरीच कमी होते. पिशवी उचलून निथळू द्यायची, पिळायची नाही.

मग ७५-७६ अंशांचं साधारण ८ लिटर पाणी दोन-तीन वेळा ओतून चोथा धुवा. उकळीला १३ लिटर रस हवा. शेवटची धार हायड्रोमीटरवर, म्हणजे रसाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीवर, १.०१० च्या खाली गेली की थांबा, त्यापुढे फक्त तुरटपणा येतो.

इथून पुढचं नेहमीचंच. ६० मिनिटं उकळी, हॉप्स सुरुवातीलाच, उकळून १० लिटर उरतात. घनता १.०४५ च्या जवळ यायला हवी. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी बनवलेला असतो, रस ३५ अंशांचा असेल तर वाचनात ०.००४ मिळवा. बरीच कमी आली, १.०३५ वगैरे, तर दोष शिजवण्यात किंवा भरडण्यात शोधा, माल्टमध्ये नाही.

रस २० अंशांपर्यंत गार करूनच यीस्ट. नागपूरकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच हंगामाचे महिने. उन्हाळ्यात कोरड्या हवेत ओलं पोतं गुंडाळून कूलरसमोर ठेवलं तरी भांडं २८ च्या खाली क्वचित येतं, त्यात साधं एल यीस्ट झोंबणारी चव देतं. मे महिन्यात करायचंच तर ३० ते ४० अंशांत आनंदाने काम करणारं नॉर्वेचं क्वाइक यीस्ट मिळवा.

आठ-दहा दिवसांनी घनता १.००८ ते १.०१० वर येते, दारूचं प्रमाण पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा, आकडा तोच आला तरच बाटलीत भरा, लिटरला ६ ग्रॅम साखर घालून. फुटका स्टार्च उरलेला असेल तर तो बाटलीत जंगली जंतूंचं खाद्य होतो, दाब वाढत जातो आणि काचेची बाटली फुटते. नवख्याने प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटल्याच घ्याव्यात. दाबून कडक लागली की गार करायला ठेवायची, एवढी ती सांगते.

काही जणांना वाटतं की ज्वारी घातली म्हणजे बीअर ग्लूटेनमुक्त झाली. बार्ली माल्ट आहे तोवर नाही.

गव्हाची लापशी वापरायची तर एवढा खटाटोप नको. ५०० ग्रॅम लापशी आणि १.६ किलो माल्ट एकदमच ६.५ लिटर पाण्यात मिसळा, पाणी ७२-७३ अंशांचं घ्या म्हणजे मॅश ६६ वर बसतो, आणि ९० मिनिटं द्या. तूस १५० ग्रॅम करा, गव्हाचा चोथा फार चिकट.

चोथा त्याच दिवशी गुरांपुढे, नेहमीच्या ढेपेत थोडा थोडा मिसळून. विदर्भाच्या उन्हात संध्याकाळपर्यंत तो आंबतो, मग उकिरड्यावर. हॉप्सचा गाळ मात्र गुरांना नको, खड्ड्यात पुरा, आणि कुत्र्याला त्याच्या जवळ जाऊ देऊ नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.